तीन जागा शिल्लक

"‘प्रेमळ’ काढ," आई म्हणाली. "प्रेमळ काय सगळेच लिहितात. कोपऱ्यावरच्या त्या मॅडमनेपण लिहिलंय, आणि ती बाई मुलांना हात लावायच्या आधी हातमोजे चढवते."

मी ‘प्रेमळ’ खोडलं.

"मग काय लिहू? मायाळू?"

"काही नको. ‘तीन जागा शिल्लक’ एवढं वर ठसठशीत लिही. शिल्लक म्हटलं की माणसाला धीर धरवत नाही."

त्या दिवशी छापखान्याचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून मी घरी होते. मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आईला त्याचं कौतुक होतं आणि ते ती टोमण्यातून दाखवायची. "जगाच्या चुका काढायचा पगार घेतेस," ती म्हणायची, "आणि आईच्या फुकटात काढतेस."

आमच्या पुढच्या खोलीत आईचं पाळणाघर होतं. माझं शिक्षण त्याच खोलीने केलं, आणि बाबा गेल्यावर घरही तिनेच उभं ठेवलं. तिच्याकडे यायची ती चिल्लीपिल्ली, शाळेत जायच्या आधीच्या वयाची. एरवी एखादं मूल शाळेत गेलं की त्याची जागा रिकामी व्हायच्या आधीच दुसऱ्या कुणाची तरी आई दारात उभी असायची. त्या वर्षी तिघं शाळेत गेली आणि दारात कुणीच आलं नाही. कोपऱ्यावर नवीन पाळणाघर निघालं होतं. तिथे भिंती निळ्या होत्या, गाद्या निळ्या होत्या आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा होता. आईबापांनी कामावर बसून फोनमध्ये आपलं मूल बघायचं.

"या तीन जागा भरल्या नाहीत तर बंद करीन," आई म्हणाली. "अर्धं पाळणाघर चालत नाही. मुलांना कळतं, आपण उरलोय ते."

म्हणून ही जाहिरात. आजवर तिने कधी केली नव्हती.

"जेवण घरचं, लिहिलंस? गच्ची आहे, गच्चीला कठडा आहे. टीव्ही आहे, पण बिघडलेला आहे."

"बिघडलेला आहे हे कशाला लिहायचं?"

"खरं आहे म्हणून. आणि लिही, कॅमेरे नाहीत, मी आहे."

ते मी जसंच्या तसं लिहिलं. इतकी वर्षं इतकी वाक्यं तपासली, पण त्यातलं काही काढावंसं वाटलं नाही.

"आता शेवटचं. दुपारी मुलं झोपतात."

"ती सगळीकडेच झोपतात, आई."

"सगळीकडे झोपवतात. थोपटतात, गाणी लावतात, धाक घालतात. आपल्याकडे आपणहून झोपतात. तू लिही. आयांना बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचलं पाहिजे."

तिचं खरं होतं. तिची एक रीत होती, आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. जेवणं झाली की ती जमिनीवर ओळीने चटया घालायची, मधल्या चटईवर स्वतः आडवी व्हायची आणि म्हणायची, "दगड!" की सगळी मुलं दगड. जो हलेल तो बाद. पडदा आहे तसा, पंखा आहे तसा, दारावरची बेल वाजली तरी हलायचं नाही, कुणी हाक मारली तरी हलायचं नाही. खेळ संपायचा तो फक्त आजी हलली की. आजीला हरवायला निघालेली मुलं एकेक करून झोपून जायची आणि आजीही एक डुलकी काढायची. मग तिला जाग आली की ती आधी फक्त पायाचा अंगठा हलवायची. जागं असलेलं कुणीतरी ओरडायचं, "हलली! आजी हलली!" आणि सगळी खोली उठून बसायची. आजी रोज हरायची. रोजच्या रोज तोच जल्लोष, जणू आज पहिल्यांदाच हरली.

न झोपणारी एकच होती. तिचं खरं नाव तिच्या आईने मोठ्या हौसेने ठेवलं होतं, पण आमच्याकडे ती टकमक होती. सगळी झोपली तरी ही आपली उघड्या डोळ्यांनी आजीच्या अंगठ्यावर नजर लावून पडलेली. हूं नाही की चूं नाही.

"ही पुढे पोलिसात जाणार," आई म्हणायची.

जाहिरातीला फोटो हवा होता. दुपारी दगड सुरू झाल्यावर मी खुर्चीवर चढले आणि वरून काढला. मधोमध आई, दोन्ही बाजूंना मुलं. तिच्या डाव्या हाताला टकमक, उजव्या हाताला गोलमटोल कलेक्टर, ज्याला सगळ्यांना हुकूम सोडायची सवय म्हणून आईने हे पद दिलं होतं. पडद्यातून पिवळट उजेड आला होता. फोटोत टकमकचे डोळे उघडे आले.

"पुन्हा काढते," मी कुजबुजले.

आईने डोळे न उघडता नुसते ओठ हलवले. "बोललीस. बाद."

"मी खेळत नाहीये."

"मग बाहेर हो."

मी स्वयंपाकघरात जाऊन तो फोटो नीट पाहिला. चांगला आला होता. झोपलेल्या मुलांच्या फोटोत नेहमी कुणाचा तरी हात कुणाच्या तरी तोंडावर असतो, कुणाचं पांघरूण लाथाडलेलं असतं. यात सगळं सरळ होतं. मला तो बराच वेळ बघवला नाही. मी फोन पालथा ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानातून जाहिरात छापून आणली. खाली फोन नंबरच्या पट्ट्या होत्या, कुणीही एक फाडून न्यावी. त्या पट्ट्या आईने स्वतः कात्रीने कापल्या. मग आम्ही दोघी चिकटवायला निघालो. दाताच्या डॉक्टरांच्या दारावर एक, धोब्याकडे एक, आमच्या जिन्याखाली एक. शेवटची औषधांच्या दुकानात.

औषधवाल्याने ती मोठ्याने वाचली. "आजी, माझ्यासाठी आहे का एखादी जागा? दुपारचा डोळा लागत नाही हो."

"अकलेने बसशील रे," आई म्हणाली, "पण चटई पुरायची नाही."

दुकानातली सगळी हसली. तो स्वतःच्या पोटावर हात फिरवत सगळ्यात जास्त हसला.

घरी येताना आई जिन्याच्या मधल्या वळणावर थांबली. भिंतीला हात टेकून म्हणाली, "थांब जरा, किल्ली शोधते." किल्ली माझ्या हातात होती. तिला शोधू दिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चल. उद्यापासून बघ, फोन वाजायचा थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा टकमकची आई आमच्या दाराबाहेर उभी होती. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथून ती थेट मुलीला न्यायला येते आणि तिच्या कपड्यांना नेहमी स्पिरिटचा वास असतो.

"बेल वाजवतेय केव्हाची," ती म्हणाली. "आजींचा फोनही आतच वाजतोय. कुणी उचलत नाही. गच्चीवर तर नाही नेलं मुलांना?"

आतून फोनचा आवाज येत होता. तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. मी किल्लीने दार उघडलं.

पडदे ओढलेलेच होते. उजेड पिवळट राहिला नव्हता, भिंतीवर चढून तांबूस झाला होता. खोलीत कोंडलेला, आंबट वास होता. चटया ओळीने होत्या, आणि चटयांवर मुलं, आदल्या दिवशी मी खुर्चीवरून पाहिली होती तशीच. फक्त आज सगळ्यांचे डोळे उघडे होते. कलेक्टरखालची चटई ओली होऊन काळी पडली होती आणि तो तिच्यावर हात अंगाशी घट्ट धरून पडला होता. फळीवर आईचा फोन थरथरत होता, वाजत होता. जागांची चौकशी करणारं कुणीतरी असणार. कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळी आईच्या पायांकडे बघत होती.

"उठा रे," मी म्हटलं.

कुणी उठलं नाही.

"अजून आजी हलली नाही," कलेक्टर म्हणाला. ओठ जवळजवळ मिटूनच म्हणाला, बाद होऊ नये म्हणून.

"आज आजी जिंकतेय," टकमक म्हणाली.

मी आईजवळ बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि माझ्या तोंडून जे आलं ते असं, "आजी झोपलीय. तिला झोपू द्या हं. चला, आपण बाहेर जाऊ."

ती झोपलेली आजी आणि तो न संपलेला खेळ सोडून एकही मूल आपल्या पायांनी उठलं नाही. आम्ही दोघींनी एकेकाला उचलून बाहेर आणलं. टकमक तिच्या आईच्या खांद्यावर फळीसारखी ताठ होती. दार बंद होईपर्यंत ती त्या खांद्यावरून मागे बघत होती.

नंतर माणसं येत गेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल. शेजारचे काका म्हणाले, सुटल्या. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, दोन मोठ्या पिशव्या घेऊन राहायलाच आली. ती म्हणाली, "लेकरांच्या घोळक्यात गेली गं. असं जाणं कुणाच्या नशिबी असतं?" गेली, सुटल्या, शांत झाली, आपल्यातून निघून गेली. माझ्या भाषेत या एका गोष्टीसाठी इतकी क्रियापदं आहेत, आणि बहुतेकांत ती चालत कुठेतरी जाते. मी त्यातलं एकही वापरलं नाही. छापखान्यात मी ‘घरगुती कारण’ असं कळवलं.

आणि फोन वाजत होता. आई म्हणाली होती तसा, न थांबता.

"आजीच ना? आवाजावरनं ओळखलं," पहिली बाई म्हणाली. "जाहिरात बघितली. जागा आहेत ना?"

"भरल्या," मी म्हटलं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"अरेरे. एखादी चटई सरकवून बघा ना. आमचा दुपारी डोळ्याला डोळा लावत नाही हो. आणि तुमच्या फोटोत काय झोपलीयत पोरं! बघूनच मला झोप आली."

मला ते एक वाक्य सापडलं होतं आणि मी ते सोडलं नाही. जागा भरल्या. फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी तेच सांगितलं. त्याचा परिणाम उलटाच झाला. जिथे जागा मिळत नाही ते पाळणाघर चांगलंच असणार, असं एकीने दुसरीला सांगितलं आणि तो फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागला.

"कमाल आहे तुझी," मावशी म्हणाली. "अगं, इतके फोन येतायत तर मी चालवते की. मुलं सांभाळायला काय लागतं?"

"चटया काढू नकोस, मावशी."

"काढत नाहीये, झटकतेय. धूळ बसलीय."

"झटकूही नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटया होत्या तिथे ठेवल्या. त्यानंतर ती त्या खोलीत पाय चोरून वावरायची.

एक दिवस मी जाहिराती काढायला बाहेर पडले. दाताच्या डॉक्टरांकडची काढली, धोब्याकडची काढली. औषधांच्या दुकानातल्या कागदाच्या सगळ्या पट्ट्या फाडून नेलेल्या होत्या. खाली नुसती दातेरी कड उरली होती.

"आजींना सांगा, पट्ट्या संपल्या," औषधवाला म्हणाला. "नवा कागद पाठवा म्हणावं. आणि हल्ली दिसत नाहीत त्या? मोठं माणूस झाल्या काय जाहिरात केल्यापासून?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो हसून उत्तराची वाट बघत होता. आई असती तर काहीतरी खणखणीत देऊन गेली असती.

"जागा भरल्या," मी म्हटलं.

"वा! तरी म्हटलं!" तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

कागद घडी करून पिशवीत टाकला आणि परतताना कोपऱ्यावर आले. त्या पाळणाघरावर नवीन फलक लागला होता, चांगला दोन खिडक्या झाकेल एवढा. ‘दुपारची शांत झोप – आमचं वैशिष्ट्य. मोजक्याच जागा शिल्लक.’ खाली फोटो. तो वरून घेतलेला होता, छताजवळच्या कॅमेऱ्यातून घेतात तसा. निळ्या गाद्यांची ओळ, त्यांवर मुलं, हात अंगाशी, पाय सरळ. मधली गादी रिकामी होती. तिच्या डाव्या हाताला टकमक होती आणि तिचे डोळे उघडे होते. उजव्या हाताला कलेक्टर. माझ्या आईने घातली असती तशीच ती ओळ होती, आणि तिच्यासाठी जागा ठेवलेली होती.

मी घरी आले आणि चपला न काढता कितीतरी वेळ बसून राहिले.

त्याच आठवड्यात टकमकची आई आली. ती आधी आत आली नाही. दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा याल का माझ्याबरोबर?"

"काय झालं?"

"बसू का जरा?" मग ती बसली आणि बोलायला लागली. "आमची तिथे जायला लागली ना, पहिल्याच दुपारी तिने मधली गादी कुणालाही घेऊ दिली नाही. आजीची आहे म्हणे. मग आडवी झाली ती झालीच. बाकीची मुलं उठली, खाऊ खाल्ला, खेळली, ही पडून. मला वाटलं, रुसली असेल. मग कलेक्टरपण तिथेच आला. मग दोघं. आता सगळीच. तिने शिकवलंय सगळ्यांना. हे बघा."

तिने फोन पुढे केला. निळी खोली, वरून. कुणी हलत नव्हतं. मला आधी वाटलं, फोटोच आहे. मग कोपऱ्यातून शिकवणारी मुलगी चालत गेली, वाकली, टाळ्या वाजवल्या. आवाज येत नव्हता. नुसते हात एकमेकांवर आपटत होते. एकही डोकं वळलं नाही.

"आम्ही न्यायला जातो तेव्हा उचलून आणतो," ती म्हणाली. "सुटीच्या दिवशी घरीपण तेच. जेवली की जमिनीवर आडवी. परवा तापाने फणफणली होती, पाण्याचा घोट मागितला नाही तिने. हललं तर बाद."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, गुणी मुलगी आहे." ती हसली, पण हसू मध्येच संपलं. "आणि काल तिथे स्वयंपाकघरात मिक्सर पेटला. फार काही नाही, पण धूर झाला, अख्ख्या खोलीत झाला. ती शिकवणारी पोर ओरडतेय, पळा, पळा. मी कामावर होते. हातात रक्ताची नळी, समोर फोन. मला दिसतंय सगळं. धूर येतोय खाली, आणि ताई, एकही उठलं नाही. खोकतायत, पण पडल्या पडल्या. त्या बायकांनी दोन-दोन पोरं काखेत मारून बाहेर काढली. पुढच्या वेळी मिक्सरच असेल असं थोडंच आहे?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच. झोपलीय. मग म्हटलं, गावाला गेली. ती म्हणते, झोपलीय तर हलेलच की. मी वाट बघते." तिने फोन पर्समध्ये ठेवला. "तुमचा आवाज अगदी आजींसारखा आहे. फोनवर तर मी फसते. तुम्ही एकदा या आणि नुसतं म्हणा, आजी हलली, उठा. एवढंच. बाकी मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मॅडम दारातच भेटल्या. हातात खरंच मोजे होते, पातळ, दुधी रंगाचे.

"आजींचं ऐकलं. फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही उगीच तसदी घेतलीत. मुलं छान निजतात हो. पालक कामावर बसून बघत असतात, कौतुक करतात. आमच्या जागा त्याच्यावरच तर भरल्या."

"धूर झाला तेव्हापण कौतुक केलं का?" टकमकची आई म्हणाली.

"तो मिक्सर आम्ही बदललाय." त्या माझ्याकडे वळल्या. "हे बघा, दोन मिनिटं भेटा. पण मुलांसमोर काही वाईट बोलायचं नाही. हा आमचा नियम आहे. मुलांचं मन म्हणजे पाटी असते."

त्या खोलीत मी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी मला ती पाठ होती. फक्त कॅमेऱ्यात वास येत नाही. साबणाचा वास होता, आणि त्याच्याखाली अजून न गेलेला जळका वास. मी चपला बाहेर काढल्या. गाद्यांमधून चालत गेले. मुलांच्या छात्या खालीवर होत होत्या, तेवढीच काय ती हालचाल. बसायला दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून मी मधल्या रिकाम्या गादीवर बसले आणि पाय पुढे पसरले.

तेव्हा सगळ्यांचे डोळे वळले. डोकी नाही, नुसते डोळे. सगळी माझ्या पायांकडे बघायला लागली.

मी समजले. काही बोलायचीही गरज नव्हती. मी नुसता अंगठा हलवला असता की ही खोली उठली असती. आरडाओरडा झाला असता, आजी हरली असती. आणि उद्या जेवणं झाली की पुन्हा ओळ लागली असती, मधली गादी सोडून. मी परवाही यायचं. त्यानंतरही. आणि ज्या दिवशी मी नसेन, त्या दिवशी धूर खाली येईपर्यंत ही पोरं कुणाच्या तरी अंगठ्याची वाट बघत राहतील. माझा पाय आखडायला लागला होता. मी तो तसाच धरून ठेवला.

"आजी हलली का?" टकमकने विचारलं. ओठ न हलवता बोलण्यात ती आता फार तयार झाली होती.

दारात तिची आई उभी होती. ‘हो म्हणा,’ ती खुणेने सांगत होती. ‘हो म्हणा.’

"नाही," मी म्हटलं. "आजी हलली नाही."

कुणीतरी सुस्कारा सोडला. टकमकचे डोळे माझ्या पायांवरून माझ्या चेहऱ्यावर आले.

"उद्या हलेल?"

"उद्याही नाही. ती झोपलेली नाहीये. गावालाही गेलेली नाहीये. ती जिंकत नव्हती, बाळा. त्या दिवशी खेळ मध्येच मोडला आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"अहो," मॅडम दारातून म्हणाल्या, "अहो, मुलांसमोर..."

"मग कुठेय आजी?" हा कलेक्टर. त्याने मान वळवली होती आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी टकमककडे बघत राहिले. ती वाट बघत होती. वाट कशी बघायची, हे या खोलीत तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं, आणि तिला ते ज्या बाईने शिकवलं होतं, ती माझी कोण होती, हे बहुतेक तिला ठाऊकही नव्हतं.

"आजी मेली," मी म्हटलं.

"आपली आजी?" टकमक म्हणाली.

"आपली आजी. माझी आई." आवाज फाटला, पण मी थांबले नाही. "माझी आई मेली."